आईला नांदेडहून हैदराबादला पंख्याच्या विमानानं न्यायचंय, त्रास होईल का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ६८, गुडघे दुखतात, विमानात पहिल्यांदाच बसणार, आणि तिकीट बघताना एटीआर दिसलं तर कोणीतरी सांगितलं की ते पंख्याचं लहान विमान लै हलतं, म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका. सांगणारा स्वतः बसलाय का ते आधी विचारा. मी परभणीचा, बियाण्याच्या कंपनीत आहे आणि आमचं हेड ऑफिस हैदराबादला, त्यामुळं लहान विमानातून बऱ्याच वेळा गेलोय, आणि एकदा सत्तरीच्या आत्यालाही घेऊन गेलो होतो. नांदेड-हैदराबाद तर उडान योजनेतल्या (लहान शहरांना विमानानं जोडायची सरकारची योजना) अगदी पहिल्या मार्गांपैकी, २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्लीसोबतच सुरू झालेला, आणि तेव्हाही विमान एटीआर ७२ च होतं.

माझं सरळ मत, बिनधास्त न्या, फक्त सकाळचं विमान घ्या. लोक पंख्याला घाबरतात, पण खरा त्रास होतो तो विमान जमिनीवर उभं असताना.

कसं ते सांगतो. मोठ्या विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं, ते उभ्या विमानाला वीज अन् एसी पुरवतं. एटीआरला ते नसतं. मग उजव्या बाजूचं इंजिन चालू ठेवतात अन् त्याच्या पंख्याला ब्रेक लावून धरतात, त्याच्यावर एसी चालतो. आत्या नेमकी उजव्या खिडकीला बसली होती, बाहेर बघून म्हणते, "पंखा तं बंद हाय, मग आवाज कशाचा यायलाय रं?" मला तेव्हा हे माहीतच नव्हतं, मी आपलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली, नंतर कळलं. तर हा एसी मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ४२-४३ डिग्री अन् खालून डांबर तापलेलं, अशा वेळी पुरत नाही. एकदा मी असाच दुपारी अडीचला अर्धा तास आत बसून होतो, उशीर का तेही कोणी सांगेना, पुढच्या सीटवरचं लेकरू रडून रडून लालबुंद झालेलं, आणि सगळी माणसं समोरच्या सूचनांच्या कार्डानं वारा घेऊ लागलेली. विमान वर गेलं की दहा मिनिटात सगळं गार.

हलायचं म्हणाल तर हलतं, खोटं कशाला बोलू. एटीआर साधारण १५ ते २० हजार फुटांवरून जातं, जेट ३५ हजाराच्या आसपास, म्हणजे ढगांचा अन् तापलेल्या हवेचा जो काही गोंधळ असतो तो जेट खाली सोडून जातं आणि हे त्याच्यातूनच जातं. उन्हाळ्यात जमीन तापली की दुपारून गरम हवा वर उसळते, मे-जूनमध्ये वळवाचे ढग उठतात तेही दुपारनंतरच. सकाळी सात-आठला तीच हवा एकदम शांत. अन् देगलूरवरून संगारेड्डीकडं एसटीच्या मागच्या सीटवर बसून गेलेल्या माणसाला ह्या हलण्याचं काही वाटायचं कारण नाही.

गुडघ्यांसाठी तर उलट हेच विमान चांगलं. पंख वर छताजवळ असल्यामुळं विमान जमिनीला टेकल्यासारखं बुटकं असतं, मागच्या दारातून चढायचं, दाराचाच जिना, पाच-सहा पायऱ्या. मोठ्या विमानाला शिडी लावली तर बघा किती पायऱ्या चढाव्या लागतात. तरी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, तिथं गेल्यावर मागू नका, इमारतीपासून विमानापर्यंतचं चालणं वाचतं. सीटा दोन-दोन असतात, मधली सीट हा प्रकारच नाही, म्हणजे आई खिडकीला अन् तुम्ही शेजारी, तिसरं कोणी नाही.

सीट मात्र बघून घ्या. पंखे पुढच्या भागात, पहिल्या सहा-सात रांगांच्या बाजूला येतात, तिथं आवाजही जास्त अन् पायाखाली थरथर पण लागते. जसजसं मागं जाल तसं शांत, आणि दार मागंच असल्यामुळं उतरतानाही मागचे आधी उतरतात. अगदी शेवटची रांग नको, बाथरूम तिथंच असतं अन् हलताना शेपूट जास्त हलतं. पंखाच्या थोडं मागं, माझ्या हिशोबानं ते बरं. कापसाचे बोळे कानात घातले तर आवाज थोडा कमी होतो, आत्यानं तेच केलं अन् वरून पदर गुंडाळला.

आईला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. उतरायच्या वेळी इंजिनाचा घूं घूं आवाज एकदम बदलतो, बारीक होतो, पहिल्यांदा बसलेल्याला वाटतं बंद पडलं, तसं काही नसतं, पायलटनं जोर कमी केलेला असतो. आणि एटीआरची चाकं पोटाला असतात, मधल्या खिडक्यांतून खाली बघितलं तर धडधड आवाज करत बाहेर येताना दिसतात. आत्या माझं मनगट धरून म्हणाली, "माय वं, चाक निघालं की!" मी म्हणलं निघालं नाही, लावलं. त्यावर शेजारच्या रांगेतले पण हसले.

कानाचं बघा. सर्दी असेल तर तारीख पुढं ढकललेली बरी, उतरताना कान फार दुखतात. एरवी खडीसाखर चघळायला द्या, उतरायला लागल्यापासून गिळत राहायचं, एवढंच. झोपू देऊ नका त्या वेळी.

एम्ब्रेअर जेट मिळालं तर? तेही काही वाईट नाही. त्यातल्या एम्ब्रेअर १४५ ह्या लहान जेटमध्ये डावीकडं एकेरी सीट अन् उजवीकडं जोडी, एकट्या माणसाला ती एकेरी सीट म्हणजे राजेशाही, पण तुम्हाला आईजवळ बसायचंय तर उजवीकडची जोडी घ्या. छत सहा फुटाचंच आहे, उंच माणसाला मान वाकवून चालावं लागतं. इंजिनं मागं असल्यामुळं तिथं उलटं, पुढं शांत अन् मागं आवाज. वेगाचा नाद मात्र सोडा, एटीआर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास अन् जेट ८०० च्या, पण एवढ्याशा अंतरात चढणं-उतरणंच जास्त, दहा-पंधरा मिनिटांचा काय तो फरक.

आणि हो, मोठी ट्रॉली बॅग हातात नेऊ नका, वरचे कप्पे बारके असतात, दारातच काढून घेतात अन् सामानाच्या खणात टाकतात. गोळ्या, चष्मा अन् पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत, आईच्या मांडीवर.