डॉक्टर, हे चालेल का? : तासाभरात गुण देणारी ‘हर्बल’ कॅप्सूल

प्रश्न : वय ५४. दहा वर्षांपासून मधुमेह. वर्षभर लिंगाला ताठरता नीट येत नाही, आली तरी टिकत नाही. केमिकलच्या गोळ्या नकोत म्हणून ऑनलाइन हर्बल कॅप्सूल मागवली. तासाभरात गुण येतो. फक्त डोकं दुखतं, चेहरा गरम होतो. जोडीला जिनसेंग (एक औषधी मुळी) किंवा योहिंबिन (एका झाडाच्या सालीतलं द्रव्य) घेतलं तर चालेल का? इतर औषधं : साखरेची गोळी, आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी. ती क्वचितच लागते.

उत्तर : जी गोळी तुम्ही जाता जाता सांगितलीत, तिच्यापासूनच सुरुवात करतो. ती बहुधा नायट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध असणार. आणि तासाभरात गुण, वर डोकेदुखी आणि चेहरा तापणं, हे वर्णन सिल्डेनाफिलचं, म्हणजे व्हायग्रामधल्या औषधाचं आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला, एफडीएला, अशा शेकडो ‘नैसर्गिक’ कॅप्सूलमध्ये लेबलवर न लिहिलेलं सिल्डेनाफिल किंवा त्याच जातीचं टाडालाफिल सापडलंय. म्हणजे जे नको म्हणून पळालात, तेच कदाचित तुमच्या पोटात जातंय, तेही किती ते न कळता. नायट्रेटबरोबर ते गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो; जिवावर बेतू शकतं. कॅप्सूल आजच बंद. फेकू मात्र नका, बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.

योहिंबिन तुमच्यासाठी नकोच. ते रक्तदाब वाढवतं, धडधड होते, जीव घाबरा होतो. जिनसेंगचा फायदा झालाच तर अगदी किरकोळ. अॅक्युपंक्चरच्या बाजूने ठोस पुरावा नाही.

औषधाविना करण्यासारखं काही हवं असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करा. कंटाळवाणा आहे, म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नसावं! लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळले जातात, ते ओळखा. ओळखण्यापुरतंच तसं करा, रोजचा व्यायाम लघवी करताना नको. आडवं पडून गुडघे दुमडायचे, ते स्नायू आत-वर ओढून काही सेकंद धरायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. पोट, मांड्या ढिल्या, श्वास चालू. वर खेचताना लिंगाचं मूळ किंचित आत जातंय असं जाणवलं तर जमलं. ब्रिटनमधल्या एका चाचणीत ५५ पुरुष होते. सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के जणांची ताठरता पूर्ववत झाली. तुमच्याकडे मधुमेह आहे, त्यामुळे तेवढीच अपेक्षा ठेवू नका. भरभर चालण्यानेही फरक पडतो, पण ते हृदयाची तपासणी झाल्यावरच.

ती तपासणी टाळू नका. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक, म्हणून अडथळ्याची खूण तिथे अनेकदा आधी दिसते. तुमच्या छातीत तर दुखतंही आहे. ताठरतेच्या गोळ्या तुम्हाला जमणार नाहीत असं ठरलं, तरी व्हॅक्यूम पंप आहे; तो हवा ओढून लिंगात रक्त आणतो आणि मुळाशी बसवलेली रिंग ते धरून ठेवते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी विचारा, आणि रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका.

तोवर छातीत दुखलंच, आणि गेल्या दोन दिवसांत ती कॅप्सूल घेतलेली असेल, तर जिभेखालची गोळी ठेवू नका. थेट रुग्णालयात जा आणि कॅप्सूल किती वाजता घेतली ते पहिल्याच भेटणाऱ्या डॉक्टरांना सांगा. पत्नी सोबत असतील, म्हणून त्यांनाही हे आधीच माहीत असू द्या.