आधी पोटात टिकू द्या, सकस मग पाहू

वारज्याहून एका वाचक भगिनीने लिहिलेल्या पत्राचा मुख्य भाग असा : "मी एकोणतीस वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते. मला नववा आठवडा चालू आहे. सकाळी उठल्यापासून मळमळते, फोडणीचा वास आला की पोटात ढवळते, दूध तर डोळ्यांसमोरही नको होते. दिवसातून तीन-चार वेळा उलटी होते. आम्ही शाकाहारी आहोत, घरात अंडेसुद्धा येत नाही. सासूबाई प्रेमाने रोज सकाळी डिंकाचा लाडू आणि बदाम घातलेले दूध पुढे ठेवतात. ते मी घेतले नाही की त्यांचा चेहरा उतरतो. नणंदबाई फोनवर सांगतात की अंडी खाल्ली नाहीत तर बाळ अशक्त होईल, आणि नवरा म्हणतो की बाहेर नेऊन ऑम्लेट खाऊ घालतो, आईला कळणार नाही. मी सध्या वरणभाताचे दोन घास, लिंबूपाणी आणि चुरमुरे यांवर आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही पोटात राहत नाहीत. माझ्यामुळे बाळाची उपासमार होते आहे का? श्रावणी सोमवार धरावेत का? ऑफिसात अजून कोणालाही सांगितलेले नाही."

प्रिय भगिनी,

बाळाची उपासमार होते आहे का, हा तुमचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांना तीच भीती चिकटलेली आहे. उपासमार होत नाही. नवव्या आठवड्यात गर्भ जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा असतो, आणि त्याला जे लागते ते तुमच्या शरीरात आधीपासून असलेल्या साठ्यातून त्याला मिळत राहते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींमध्येही गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी जादा उष्मांक धरलेले नाहीत. दिवसाला साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात ते चौथ्या महिन्यापासून पुढे, आणि तेवढे तर एक पोळी, वाटीभर उसळ आणि वाटीभर दही यांतून भरून निघतात. 'आता दोन जिवांचे खायचे' असे जे घरोघरी सांगितले जाते, त्याने पहिल्या तिमाहीतल्या कित्येक मुलींना विनाकारण अपराधी करून ठेवले आहे. या तीन महिन्यांत वजन एखाद-दुसरा किलो कमी झाले तरी डॉक्टर सहसा घाबरत नाहीत.

ही मळमळ साधारणपणे सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त छळते आणि बहुतेकींची बाराव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान ओसरते. काहींना मात्र विसाव्या आठवड्यापर्यंत धीर धरावा लागतो. म्हणजे तुम्ही आत्ता सर्वांत कठीण दिवसांत आहात. 'मन रमवलेस की बरे वाटेल' असे कोणी म्हणाले तर त्याकडे दुर्लक्ष करा. वारेतून स्रवणाऱ्या जीडीएफ १५ नावाच्या संप्रेरकाचा या मळमळीशी थेट संबंध आहे, आणि गरोदर होण्यापूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात ते कमी असते तिला त्याची वाढ अधिक सोसावी लागते, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. तुमचे मन खंबीर आहे की नाही, याचा त्यात काही वाटा नाही.

तेव्हा या काही आठवड्यांपुरते सकस आहाराचे तक्ते बाजूला ठेवा आणि जे पोटात टिकते ते खा. वरणभात, लिंबूपाणी आणि चुरमुरे ही तुमची यादी तुम्हाला लाजिरवाणी वाटते; मला ती बरीच शहाणपणाची वाटते. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि मळमळले की खाणे नकोसे होते, हे चक्र तोडायचे असेल तर दर दीड-दोन तासांनी चार घास पोटात गेले पाहिजेत, भूक लागण्याची वाट पाहता कामा नये. उशाशी एका डबीत साळीच्या लाह्या, खाकरा किंवा भाजलेले फुटाणे ठेवा. डोळे उघडल्यावर पडल्यापडल्याच थोडे चावून खा, पंधरा-वीस मिनिटे तशाच पडून राहा आणि मगच उठा. पाणी जेवणाबरोबर पिऊ नका, दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट प्या. साधे पाणी नकोसे होत असेल तर लिंबाचे सरबत, पातळ ताक, कोकमाचे सरबत किंवा शहाळे चालेल.

तुमची खरी शत्रू आहे ती फोडणी, आणि तिच्यासाठी उपाय असा की गरम पदार्थांपेक्षा गार पदार्थांना वास कमी येतो. दहीभात गार करून खा. दडपे पोहे करून पाहा. त्यांत खोबरे, लिंबू, कोथिंबीर घालून मोहरीची फोडणी सरळ वगळली तरी चव फारशी बिघडत नाही (कोकणातले लोक माझ्यावर रागावतील, पण गर्भारणीला हे माफ असावे). मेतकूट-भात, मुगाची मऊ खिचडी, गार केलेले ताकातले नाचणीचे आंबील, उकडलेला बटाटा मीठ-जिरे लावून, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, हे सगळे करायला सोपे आणि पोटाला हलके आहे. नाचणीतून कॅल्शियम, मेतकुटातल्या डाळींतून आणि दाण्याच्या कुटातून प्रथिने, हे तुम्ही मुद्दाम न मोजताही पदरात पडते. दूध पचत नसेल तर दूध सोडा. दही, ताक आणि पनीर यांचा वास पुष्कळजणींना सोसतो आणि त्यांतून दुधातलेच बहुतेक सारे मिळते. आल्याने काहीजणींची मळमळ थोडी कमी होते, तेव्हा आल्याची वडी पर्समध्ये ठेवायला हरकत नाही. कडधान्यांना मोड आणा, पण ती कच्ची खाऊ नका, शिजवूनच खा. आणि या दिवसांत बाहेरची पाणीपुरी आणि गाड्यावरची चटणी यांच्या वाटेला जाऊ नका. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नका. आधी चमचाभर खायचा सोडा पाण्यात घालून चूळ भरा, म्हणजे दातांवरचे आम्ल निघून जाते.

आता जे सोसायचे नाही ते सांगते. सलग चोवीस तास अन्नपाणी काहीच टिकले नाही, आठ तासांत लघवीच झाली नाही किंवा ती गडद पिवळी होऊ लागली, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटीत रक्त दिसले, ताप आला, पोट दुखू लागले, किंवा गरोदर होण्यापूर्वीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले (छप्पन किलोच्या बाईला हे पावणेतीन किलो होतात), तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्या अवस्थेत सलाईन लागू शकते आणि ती घरगुती उपायांची वेळ नसते. आणि तेवढी वेळ येण्याची वाट तरी का पाहावी? दिवसात तीन-चार उलट्या होऊन तुमचे काम, झोप आणि खाणे बिघडत असेल, तर डॉक्टरांना औषधाबद्दल आत्ताच विचारा. डॉक्सिलामिन आणि ब ६ जीवनसत्त्व यांची जोडगोळी जगभर गरोदर स्त्रियांना दिली जाते. कोर्टकचेऱ्यांच्या भीतीने कंपनीने हे औषध १९८३ साली अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले होते आणि ते गर्भाला अपाय करत नाही अशी खात्री पटल्यावर २०१३ साली तिथे त्याला पुन्हा मान्यता मिळाली. 'या दिवसांत गोळी नको' हे घरातल्या थोरांचे म्हणणे काळजीपोटी असते, पण ते सरसकट खरे नाही. या गोळीने झोप येते, म्हणून ती बहुधा रात्री घ्यायला सांगतात.

तुमच्या उलटून पडणाऱ्या गोळ्यांमध्ये लोह असण्याची शक्यता बरीच आहे. लोहाने मळमळ वाढते, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते आणि सरकारी कार्यक्रमातही लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासूनच सुरू करतात. तेव्हा हिमोग्लोबिन चांगले असेल तर लोह काही आठवडे पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. फॉलिक ॲसिडची छोटी गोळी कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाही, कारण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा यांची पायाभूत जडणघडण याच पहिल्या तीन महिन्यांत होते. रात्री झोपताना ती घेऊन पाहा. पुढे लोह सुरू झाले की ते चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दूर, लिंबूपाण्यासोबत घ्यावे.

शाकाहाराबद्दल नणंदबाईंच्या बोलण्यात चिमूटभर तथ्य आहे, पण ते अंड्याचे नाही, ब १२ जीवनसत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी आपल्याला पुण्याबाहेर जायला नको. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा दीर्घकाळ अभ्यास केला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दुधाचे पदार्थ अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती, हे त्यातून दिसले. याच अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश मातांमध्ये ब १२ कमी आढळले, आणि फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिड ज्याचे रूप आहे ते जीवनसत्त्व) भरपूर पण ब १२ कमी अशा मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती अधिक दिसली, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फॉलिक ॲसिड थांबवा असा मुळीच नाही, तर त्याच्या जोडीला ब १२ ची रक्ततपासणी करून घ्या आणि ते कमी निघाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घ्या, असा आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसते. इडली, मोड आलेली धान्ये किंवा ताजी पालेभाजी यांच्यावर त्यासाठी विसंबून राहता येत नाही. दुधातून ते मिळते, परंतु गर्भवतीला दिवसाला लागणाऱ्या सुमारे अडीच मायक्रोग्रॅमच्या जवळ जायला रोज अर्धा लिटर दूध प्यावे लागेल, आणि तुम्हाला तर ते पाहवतही नाही.

अंड्याचा हिशेबही करून पाहा. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. तेवढी मूठभर शेंगदाण्यांत मिळतात. ब १२ अंड्यात आहे, पण आधीच कमतरता असेल तर ती एखाद्या ऑम्लेटने भरून निघणारी नाही, गोळीच लागते. म्हणून अंडी न खाल्ल्याने तुमचे बाळ अशक्त होईल हे खरे नाही, आणि तुम्हाला स्वतःला ती खावीशी वाटली तर त्यात पापही नाही. मात्र ज्या बाईला फोडणीच्या वासाने ढवळते तिला आयुष्यातले पहिले अंडे याच महिन्यात, तेही चोरून खाऊ घालण्याचा तुमच्या नवऱ्याचा बेत मला मुळीच पसंत नाही. आहाराचा निर्णय मळमळ ओसरल्यावर घ्या, तो तुमचा तुम्ही घ्या, आणि जो घ्याल तो उघडपणे पाळा. नवऱ्याला मदतच करायची असेल तर त्याने काही दिवस सकाळची फोडणी स्वयंपाकघराचे दार लावून आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून स्वतः करावी, आणि आपल्या बहिणीचे फोनही स्वतःच घ्यावेत.

सासूबाईंचे तसे नाही. त्यांना तुमच्यासाठी काही तरी करायचे आहे आणि त्यांच्या हाताशी लाडू हाच मार्ग आहे, म्हणून नुसते 'नको' म्हटले की त्यांना दुखावल्यासारखे होते. त्यांना असे सांगून पाहा : "आई, डॉक्टर म्हणाले आहेत की तुपातले पदार्थ आत्ता पोटात टिकणार नाहीत, डिंकाचे लाडू मला बाळंतपणानंतर तुमच्याच हातचे हवेत. आत्ता मला दुपारी ऑफिसात खाता येईल असा मेतकूट-भात आणि आंबील कराल का?" तुपकट आणि गोड पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात आणि त्यामुळे मळमळ वाढते, ही गोष्ट डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत त्यांच्याच तोंडून सासूबाईंच्या कानांवर घाला; त्या वेळी त्यांना मुद्दाम बरोबर न्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात तोंडाला चव आली की त्यांच्या हौसेला हवे तेवढे काम आहेच : पालक आणि चवळीच्या पाल्याची पातळ भाजी, मटकीची उसळ, जवसाची आणि कारळ्याची चटणी, राजगिऱ्याची वडी.

श्रावणी सोमवार यंदा धरू नका. दिवसभर रिकामे पोट आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, यांतले पहिले मळमळ वाढवते आणि दुसऱ्यात मुख्यतः पिष्टच असते. गर्भिणीला उपास माफ, ही आपल्याकडची जुनी रीत आहे; सासूबाई तुमच्याआधी ते मान्य करतील असा माझा अंदाज आहे.

ऑफिसचे तेवढे राहिले. तीन महिने होईपर्यंत बातमी बाहेर सांगू नये हा संकेत तुम्ही नातेवाइकांपुरता जरूर पाळा, पण तुमच्या व्यवस्थापक बाईंना किंवा साहेबांना मात्र आत्ताच, एकट्याला गाठून सांगा. गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारपणासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर, प्रसूतीच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेव्यतिरिक्त, एक महिन्यापर्यंत पगारी रजा देण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती पुष्कळांना माहीत नसते, मनुष्यबळ विभागातल्या लोकांनासुद्धा. रजा नको असेल तर महिनाभर घरून काम मागा, किंवा सकाळची वेळ तासभर पुढे ढकलून घ्या, म्हणजे लाह्या खाऊन पडून राहायला वेळ मिळेल आणि महामार्गावरची गर्दीही थोडी टळेल. कंपनीच्या बसमध्ये पुढची, खिडकीजवळची जागा मागून घ्या, लिंबाची फोड रुमालात ठेवा, आणि टेबलाच्या खणात फुटाण्यांची पुडी व एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी असू द्या.