बाटलीत वर तेल, खाली पाणी

प्रश्न : आठवीत गुरुजींनी सांगितलं होतं, जगातलं तेल तीस वर्षांत संपणार. आज मी बावन्न वर्षांचा आहे आणि पंपावर डिझेल मिळतंच आहे. चार एकर द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीनंतर फवारणीला ट्रॅक्टर सारखा लागतो. जुना विकून नवा डिझेलचाच घ्यावा, की थांबावं?
– एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : गुरुजींना दोष देऊ नका. तेलाचा ‘साठा’ म्हणजे जमिनीखालचं सगळं तेल नव्हे. आजच्या भावात आणि आजच्या यंत्रांनी काढायला परवडेल तेवढंच. भाव चढला की काल न परवडणारं तेल साठ्यात जमा होतं. अमेरिकेचं उत्पादन १९७०च्या आसपास शिखर गाठेल, असं हबर्ट या भूशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये सांगितलं होतं. तसंच झालं. पुढे शेलचा खडक फोडून तेल काढायला लागले आणि २०१८ मध्ये तो उच्चांक मोडला. म्हणून ‘अमुक वर्षी संपणार’ या भाकितावर मी पैज लावत नाही.

पण तेल म्हातारं होताना मी डोळ्यांनी पाहिलंय. नोकरीची सगळी वर्षं मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रावर गेली, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या जहाजानं १९७४ मध्ये तिथं तेल शोधलं, १९७६ पासून ते येऊ लागलं. माझं काम विहिरींचे नमुने घ्यायचं. काचेच्या बाटलीत नमुना भरून ठेवला की तेल वर येतं, पाणी खाली बसतं. सुरुवातीला तळाला बोटभर पाणी दिसायचं. निवृत्तीच्या सुमारास काही विहिरींच्या बाटलीत बोटभर तेल दिसायचं! खडकातला दाब टिकावा म्हणून आम्हीच समुद्राचं पाणी खाली ढकलत होतो, तेच परत वर येत होतं. ते उपसा, वेगळं करा, पुन्हा ढकला. खर्च तोच, तेल कमी. तुमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं की तुम्ही आडवे बोअर मारता, मोठी मोटर बसवता, अगदी तसंच. एके काळी दिवसाला चार लाख पिंपांच्या वर देणारं हे क्षेत्र आता दीड लाखाच्याही खाली आहे. तेल खडकात अजून भरपूर आहे. स्वस्तात निघणारं सरलं.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. १९७३ मध्ये अरब देशांनी हात आखडता घेतला तेव्हा जगातलं तेल संपलं नव्हतं, तरी काही महिन्यांत भाव चौपट झाला. आणि फटका फक्त ट्रॅक्टरला बसत नाही. ठिबकच्या नळ्या तेला-वायूतूनच येतात. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. अलिबागजवळचा थळचा खत कारखाना आमच्याच वायूवर उभा राहिला.

तेव्हा ट्रॅक्टर घ्या, बागेतली कीड थांबत नाही. विहिरीवर डिझेल इंजिन असेल तर मात्र आधी ते काढून सौरपंप बसवा. तो पैसा लवकर वसूल होतो. आणि कर्जाचा हिशेब मांडताना डिझेल आजच्या नव्हे, दीडपट भावानं धरा. त्यात हप्ता बसत नसेल तर जुन्याचंच इंजिन उघडून घ्या.