टेराफॉर्मने (कोड लिहून क्लाउडचा सेटअप उभा करणारं टूल) ईएफएस (अॅमेझॉनच्या क्लाउडमधली, अनेक सर्व्हरना एकत्र वापरता येणारी फाइल सिस्टिम) तयार होते, पण सर्व्हरवर माउंट करताना, म्हणजे जोडताना, टाइमआउट का येतो?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे कोणतं ट्रॅफिक आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारे नियम. ईएफएस एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइल्स वापरायचा प्रोटोकॉल) चालतं, त्यामुळे माउंट टार्गेटला (सर्व्हर ज्यातून ईएफएसला जोडला जातो तो नेटवर्क पॉइंट) जोडलेल्या ग्रुपमध्ये २०४९ हा टीसीपी पोर्ट आत येणाऱ्या ट्रॅफिकसाठी उघडा हवा. सोर्स म्हणून आयपी रेंज देण्यापेक्षा सर्व्हरचा सिक्युरिटी ग्रुपच द्या. सर्व्हर बदलले तरी नियम तसाच चालतो.

दुसरं, नुसती फाइल सिस्टिम बनवून भागत नाही. माउंट टार्गेट हा वेगळा रिसोर्स आहे आणि तो प्रत्येक अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (क्लाउडच्या एका प्रदेशातला डेटा सेंटरचा स्वतंत्र गट) एकच चालतो. फॉर-ईचमध्ये (यादीतल्या प्रत्येकासाठी एक रिसोर्स बनवायची टेराफॉर्मची सोय) सगळे सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग) सरसकट दिलेत आणि त्यातले दोन एकाच झोनचे निघाले, तर अप्लाय (बदल प्रत्यक्ष लागू करायची पायरी) अडकेल. झोनमागे एकच सबनेट निवडा.

आणि हे कृपया आत्ताच करा: एन्क्रिप्शन सुरुवातीलाच चालू ठेवा. ते नंतर बदलता येत नाही. कोडमध्ये बदललंत तर टेराफॉर्म जुनी फाइल सिस्टिम काढून नवी करायला निघतं, म्हणजे आतला डेटा गेलाच. फाइल सिस्टिमच्या रिसोर्समधल्या लाइफसायकल ब्लॉकमध्ये प्रिव्हेंट डिस्ट्रॉय ट्रू (हा रिसोर्स काढू नका) लिहून ठेवलंत तर असा प्लॅन तिथेच एरर देऊन थांबतो.