वडिलांची छाती भरून येते, काकांना अर्धांगवायू झालाय. मुंबईत राहून काय करता येईल?

तुमचा प्रश्न सकाळीच वाचला, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. काका उठले तेव्हा उजवा हात उचलेना, बोलणं अडखळलं. 'अंगावरून वारं गेलं' म्हणून घरच्यांनी आधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं नेलं आणि कराड गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आता वडील, वय ६१, पाटणच्या वरच्या अंगाला गावी. शेताकडचा चढ चढताना छातीत भरून येतं, बांधावर बसलं की बरं वाटतं, बीपीची गोळी 'त्रास झाला की' घेतात. तुम्ही कोपरखैरण्यात. काय करू, असं विचारलंय.

मी डॉक्टर नाही. कराडमध्ये मेडिकलच्या काउंटरमागं आयुष्य गेलं, त्यामुळं चिठ्ठ्या आणि चिठ्ठीमागची माणसं दोन्ही पाहिलीत.

आधी वडिलांचं. चढताना भरून येणं आणि थांबल्यावर जाणं याला पित्त म्हणून सोडून देऊ नका. हृदयाला रक्त पुरवणारी नळी आतून अरुंद झाली की असंच होतं: कष्टाला रक्त जास्त लागतं, तेवढं पोचत नाही, बसलं की भागतं. या आठवड्यातच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका. दुखत नसताना काढलेला ईसीजी बऱ्याचदा नॉर्मलच येतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि पुढच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील. आणि हेच भरून येणं बसल्याजागी, झोपेत किंवा आधीपेक्षा कमी कष्टात व्हायला लागलं, तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आता त्या 'त्रास झाला की' गोळीबद्दल. या एका सवयीनं जेवढी घरं बसलेली मी पाहिली, तेवढी दुसऱ्या कशानं नाही. माणूस येतो, पाच गोळ्या कापून मागतो. मी विचारतो, महिन्याच्या का नाही? उत्तर ठरलेलं: 'बीपी आता नॉर्मल आलंय.' अहो, ते गोळीमुळं नॉर्मल आलंय. वाढलेल्या बीपीला दुखणं नसतं, म्हणून 'त्रास झाला की' हा हिशोबच तिथं लागू पडत नाही. नळीच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं मार बसत राहतो, तिथं चरबीचा थर धरतो, एक दिवस तो थर फाटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी होते. हृदयाच्या नळीत झाली तर अटॅक, मेंदूच्या नळीत अडकली तर लकवा. कधी मेंदूतली नळी दाबानं फुटते, तोही लकवाच. तुमच्या घरातली ही दोन दुखणी वेगळी दिसतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं.

गोळी बंद करायचं आणखी एक कारण मी नेहमी ऐकतो, पायाला सूज. बीपीच्या अॅम्लोडिपिन गोळीनं काहींना घोट्याशी सूज येते, खरं आहे. मग डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या, दुसऱ्या पुष्कळ आहेत. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारख्या गोळ्या तर एकाएकी कधीच सोडायच्या नाहीत. हृदयाचा त्रास असणाऱ्याला त्यानंच अटॅक येऊ शकतो.

वडील गुडघ्याकंबरेसाठी काय घेतात तेही विचारा. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी रोज पोटात जात असेल तर बीपी वर राहतं आणि अटॅकचा धोकाही वाढतो. ऊसतोडीच्या दिवसांत या गोळ्या चण्याफुटाण्यासारख्या खपतात आणि बीपीच्या डॉक्टरांना कुणी सांगतच नाही.

तसंच मशेरीचं. डॉक्टर विचारतात, काही व्यसन? आई म्हणते, छे! आणि घरी तव्यावर तंबाखू भाजलेली असते, सकाळ-संध्याकाळ दाताला लावते. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. वडिलांबरोबर आईचंही बीपी आणि साखर तपासून घ्या. अटॅक आला तरी बायकांची छाती दुखेलच असं नाही. दम लागणं, घाम, मळमळ, अंगातून त्राण गेल्यासारखं वाटणं, कधी कधी एवढंच असतं. साखर असलेल्या माणसांचंही तसंच.

२००४ मध्ये ५२ देशांतल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या अटॅकचा बहुतेक धोका नऊच गोष्टींत सापडला: तंबाखू, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, साखर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारू पिण्याचं प्रमाण. त्यात आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा लवकर, पन्नाशीच्या आसपास येत होता. तेव्हा तुम्हीही स्वतःचं बीपी बघा. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, तेही पापड, लोणचं, फरसाण सगळं धरून.

पैशाची अडचण असेल तर गावच्या आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढच्या लोकांचं बीपी-साखर फुकट तपासतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्याही फुकट मिळतात.

घरी मशीन घेतलंत तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. दोनदा मोजून वहीत लिहायला सांगा आणि पानाचा फोटो आठवड्याला मागवा. घरी सारखं १३५/८५ च्या वर दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

आता ऐनवेळेचं. हे गावातल्या एखाद्या पोराला पाठ करून ठेवायला सांगा, कारण तुम्ही पोचेपर्यंत सहा तास जातील.

छातीवर दाब, जबडा-खांदा-हातात कळ, गार घाम: १०८ लावा. चालवायचं नाही, मोटरसायकलवर मध्ये बसवून न्यायचं नाही. जिथं ईसीजी निघतो अशा जवळच्या ठिकाणी आधी. कॅथलॅब (हृदयाची बंद नळी उघडण्याची सोय) लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच देऊन पुढं पाठवता येतं. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खायची, १०८ च्या डॉक्टरांना विचारून. जिभेखाली ठेवायची, नळ्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याची घेऊन द्यायची नाही. बीपी आधीच उतरलेलं असेल तर ते आणखी कोसळतं.

तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं: इथं हिशोब उलटा. सीटीस्कॅन नसलेल्या दवाखान्यात थांबून उपयोग नाही, थेट कराड. गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून अॅस्पिरिन द्यायची नाही. पाणीही पाजायचं नाही, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं. गुठळी असेल तर इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा धड दिसला तिथून मोजतात. झोपेतून उठताना कळलं तर रात्री कधी नीट बोलले होते हे सांगा. आणि लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी जायचंच. पुढचे दोन दिवस मोठ्या झटक्याची भीती सगळ्यात जास्त असते.

कराडमधल्या कुठल्या रुग्णालयात रात्रीही सीटीस्कॅन चालू असतो आणि कुठं कॅथलॅब आहे, हे आजच फोन करून विचारा. रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट एका पिशवीत दाराजवळ ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, तिथं हीच कागदं मागतात.

काकांचं अजून हातातून गेलेलं नाही. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त होते, तेव्हा फिजिओथेरपी आत्ताच लावा, रोज. उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. काखेखालून आणि कमरेला आधार द्या. खाताना ठसका लागत असेल तर सरळ बसवून, थोडं घट्ट भरवा. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्यांच्याही चालूच ठेवायच्या आहेत, हात हलायला लागल्यावरसुद्धा.