शक्सगाम खोऱ्याचा नकाशा सॅटेलाइट नसताना कसा बनवला?

काराकोरममधल्या के2 शिखराच्या मागचं शक्सगाम खोरं, तिथे ना रस्ता ना वस्ती, मग सॅटेलाइटच्या आधी त्याचा नकाशा कोणी आणि कसा काढला असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः सर्व्हेचं काम करतो, त्यामुळे हा माझा अगदी आवडीचा विषय आहे.

मुळात खोऱ्यात उतरायच्या आधीच मोठं काम झालेलं होतं. 1856 पासून ब्रिटिश सर्व्हेअर माँटगोमेरी आणि त्याच्या लोकांनी काश्मीरच्या डोंगरांवर थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) चढवून के2 सारख्या शिखरांच्या जागा लांबूनच मोजून फिक्स केल्या होत्या. आता पलीकडच्या अनोळखी जागी उभं राहायचं, अशी तीन शिखरं दिसली की प्लेन टेबलवर (तिपाईवरचा सपाट फळा, त्यावर नकाशाचा कागद) अलिडेड म्हणजे नेम धरायची पट्टी लावून त्यांच्यावरून उलट्या रेघा ओढायच्या, रेघा जिथे मिळतात तिथे आपण. डिप्लोमाला असताना हेच आम्ही कॉलेजच्या ग्राउंडवर करायचो, रेघा एका बिंदूत येतच नाहीत, बारीकसा त्रिकोण उरतो आणि तो मिटवता मिटवता दुपार जाते, आणि ही माणसं तेच काम बर्फाच्या वाऱ्यात करत होती!

1887 ला यंगहजबंड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी अघिल खिंडीतून इथे उतरला, पण तो वाटसरू होता, नकाशावाला नाही. 1926 ला सर्व्हे ऑफ इंडियाचा केनेथ मेसन आला, सोबत खानसाहेब अफराज गुल खान हा कसलेला सर्व्हेअर (याचं नाव फार कमी लोक घेतात, मला ते खटकतं). क्यागर हिमनदी खोऱ्यात आडवी पडलेली, तिच्या बर्फाच्या सुळक्यांतून पुढे जाताच येईना, त्यामुळे खालचं खोरं राहूनच गेलं.

ते 1937 ला शिप्टन आणि टिलमन हे गिर्यारोहक, भूगर्भशास्त्रज्ञ ऑडेन आणि सर्व्हेअर स्पेंडर यांनी केलं. मोजणी मुख्यतः स्पेंडरची. तिथे आभाळ उघडं मिळायचं तेच थोडा वेळ. साधारण 1,800 चौरस मैल झाले. खरी भीती नदीची होती, उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी चढलं की परतीची वाट बंद, म्हणून पूर यायच्या आत काम उरकून अलीकडे यायचं. सामान वाहिलं शेर्पांनी आणि बाल्टी हमालांनी, त्यांच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

1963 च्या करारात पाकिस्तानने हे खोरं चीनला देऊन टाकलं, भारताने तो करार कधीच मान्य केलेला नाही, त्यामुळे आपल्या नकाशात ते आजही भारतातच दिसतं.