पिकअप कामाची हवी की थाटाची? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात पिकअप गाड्या दिवसेंदिवस कारसारख्या होत चालल्यात यावर लिहिलं होतं, स्क्रीन आली, अ‍ॅप आलं, सेन्सर आले आणि किंमत पण वर गेली, त्यावर तुमचे बरेच मेसेज आले. त्यातले निवडक इथे घेतलेत. नावं मुद्दाम टाकली नाहीत, फक्त गाव.

प्रश्न: दादा, आमची 2012 ची पिकअप आहे, टोमॅटो पिंपळगावला आणि कांदा लासलगावला नेतो. गाडी आता थकली. शोरूमवाला वरचं मॉडेलच गळ्यात मारतोय, म्हणतो मोबाईलवर गाडी कुठंय ते दिसतं. पोरगा म्हणतो घ्यायचीच तर टोयोटाची हायलक्स घेऊ, घरच्यांना पण बसता येईल. वडील म्हणतात काही नको, जुनीचंच इंजिन बांधून घे. काय करू?
(निफाड तालुका)

उत्तर: पोराचं मन मोडू नका पण आधी त्याला आकडे दाखवा. हायलक्स गाडी मजबूत आहे यात वाद नाही, 2.8 लिटरचं डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राईव्ह, जगभर नाव आहे, पण आपल्याकडे 2022 ला ती आली ती पाच माणसांची लाईफस्टाईल गाडी म्हणून आली, किंमत तीस लाखांच्या घरात, आणि पाच जण बसल्यावर मागे मालाला साधारण अर्धा टन उरतो. तुमची कामाची पिकअप दहा लाखांच्या आसपास येते आणि 1.3 टनापासून पुढे उचलते. टोमॅटोचं 20 किलोचं कॅरेट, रिकाम्या कॅरेटचं वजन दीड किलो धरलं तर 1.3 टनात 60 कॅरेट बसतात, अर्ध्या टनात 23. म्हणजे तिप्पट पैसे देऊन अर्ध्याहून कमी माल. घरच्यांना बसायला पाहिजे असेल तर वेगळी जुनी कार घ्या, ते सुद्धा स्वस्त पडेल.

आता वडिलांचं. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण 2012 ची तुमची गाडी बीएस 3 म्हणजे धुराच्या जुन्या नियमांच्या जमान्यातली आहे, पंप आणि नोझलवाली, तालुक्याच्या कुठल्याही पंपरूममधे खोलून सेट होते, रात्री दोनला घाटात बंद पडली तरी हवा काढून परत चालू करणारा फिटर सापडतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि नवीन गाडी घेताना आपण नेमकी हीच गोष्ट गमावतो. पण इंजिन बांधलं तरी चेसी, पाटे, वायरिंग, ब्रेक सगळं तेवढंच जुनं राहतं, मालवाहू गाडीला 8 वर्षांनंतर दरवर्षी पासिंग आहे, आणि एकेक करत खर्च सुरू राहतो. चेसीला गंज नसेल, हौदा सरळ असेल आणि तुमच्या ओळखीचा मिस्त्री स्वतः हमी देत असेल तर इंजिन बांधा, दोन-तीन वर्षं निघतील. चेसीला वेल्डिंग मारलेलं असेल तर बांधू नका, ते पैसे मातीत.

नवीनच घ्यायची तर माझं मत स्पष्ट आहे, पैसे वजनात घाला, शोभेत नको. बहुतेक पिकअपमधे खालच्या आणि वरच्या मॉडेलला इंजिन तेच असतं, फरक असतो तो स्क्रीन, सीटकव्हर, अलॉय आणि अशाच गोष्टींचा. त्याऐवजी जास्त टनाचा प्रकार घ्या, त्यात मागचे पाटे, टायर आणि अ‍ॅक्सल तुमच्या मालाला पुरेसे येतात. 1.3 टनाची घेऊन तिच्यात दोन टन भरायचे असं सगळीकडे चालतं, सगळ्यांना माहितीये, पण उतारावर ब्रेक तेवढेच लागतात जेवढे 1.3 टनासाठी बनवलेत, आणि त्या गाडीत तुमचा पोरगा असतो.

मोबाईलवर गाडी दिसायचं म्हणाल तर तुमची गाडी ड्रायव्हर चालवत असेल आणि लांबच्या भाड्याला जात असेल तर त्याचा उपयोग आहे, डिझेलचा हिशोब लागतो. स्वतः चालवता तर काय करायचंय?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन गाडीत कॉमन रेल इंजिन आहे, त्याच्या रेलमधे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, जुन्या नोझलला दोनशेच्या आसपास पुरायचा. एवढ्या दाबाचे इंजेक्टर घाण आणि पाणी अजिबात सहन करत नाहीत. तेव्हा ड्रममधलं डिझेल, कॅनमधलं डिझेल, पंपसेटसाठी आणून ठेवलेलं डिझेल हिच्यात ओतायचं बंद. फिल्टरखाली पाणी काढायचा नळ असतो तो वेळच्या वेळी सोडायचा. गाडी शेडमधे कांद्याच्या चाळीशेजारी लावत असाल तर उंदरांकडे लक्ष द्या, पूर्वी वायर कुरतडली तर हेडलाईट जायचा, आता एका सेन्सरची वायर गेली की गाडी वेगच घेत नाही आणि स्कॅनर लावल्याशिवाय कळतही नाही काय झालंय. बुक करायच्या आधी मार्केटला त्याच मॉडेलचे दोन-तीन गाडीवाले गाठा आणि एवढंच विचारा की स्कॅनरवालं वर्कशॉप किती लांब आहे आणि सेन्सर मागवला तर किती दिवस गाडी उभी राहते. टोमॅटोच्या सीझनमधे आठ दिवस गाडी उभी राहिली तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न: आमची दुधाची गाडी, सकाळ-संध्याकाळ गावातल्या गावात आणि वाड्या-वस्त्यांवर फिरते, बीएस 6 पिकअप आहे. धुराच्या फिल्टरचा दिवा सारखा लागतो, कंपनीत नेली की ते मशीन लावून साफ करतात आणि पैसे घेतात, परत महिन्याने तेच. गावातला गॅरेजवाला म्हणतो फिल्टर कापून टाकू, कायमचं झंझट जाईल. कापू का?
(वाळवा, जि. सांगली)

उत्तर: कापू नका. एक तर ते कायद्यात बसत नाही, वॉरंटी जाते, आणि आधी काय होतंय ते समजून घेतलं तर बहुतेक वेळा कापायची गरजच पडत नाही.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस 6 आलं, डिझेलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर आणलं, आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर बसला, त्याला डीपीएफ म्हणतात. हा फिल्टर काजळी साठवतो आणि मग ती जाळून टाकतो, जाळायला साधारण 600 अंशांच्या आसपास तापमान लागतं. हायवेवर गाडी सलग चालली की हे काम पूर्ण होतं. तुमची गाडी एक किलोमीटर जाते, थांबते, कॅन चढवता, परत एक किलोमीटर, इंजिन धड तापतच नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून जादा डिझेल सोडून फिल्टर तापवायला बघतो, तेवढ्यात तुम्ही डेअरीवर पोचता आणि चावी काढता, काम अर्धं राहतं. असं पाच-सहा वेळा झालं की दिवा लागतो.

यात अजून एक गोष्ट होते जी कोणी सांगत नाही. ते जादा सोडलेलं डिझेल सगळं जळत नाही, त्यातलं थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमधे उतरतं. ऑईलची पट्टी काढून बघा, ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं आणि पट्टीला डिझेलचा वास आला तर ते ऑईल लगेच बदला, किलोमीटर व्हायची वाट बघू नका, पातळ ऑईलवर टर्बो आणि बेअरिंग जातात आणि तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट आहे.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा रिकामी का होईना पण गाडी पेठ नाक्यावरून हायवेला काढा आणि अर्धा तास न थांबता एका स्पीडला चालवा, खालच्या गिअरमधे इंजिन थोडं जास्त फिरू द्या. दिवा नुसता लागलेला असताना हे करायचं, लुकलुकायला लागला किंवा गाडीने दम सोडला की मग वर्कशॉपच. ऑईल पुस्तकात लिहिलंय तेच, कमी राखेचं, कारण ऑईलची राख जळत नाही, ती फिल्टरमधेच राहते. आणि तुमच्या मॉडेलला डीईएफची (धूर साफ करायच्या द्रवाची) टाकी असेल तर तिच्यात सीलबंद कॅनमधलंच डीईएफ, ते म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी. खताचा युरिया पाण्यात कालवून टाकणारे भेटलेत मला, सगळी सिस्टिम बदलायची वेळ येते, नका करू.

खरं सांगायचं तर तुमच्या कामाला ही गाडी बनलेलीच नाही. पुढच्या वेळी सीएनजी किंवा पेट्रोलवाली छोटी गाडी बघा. आणि काजळीचा फिल्टर म्हणजे श्रीमंतीचा चोचला नाहीये हे पण बोलून घेतो, तो धूर सगळ्यात आधी गाडीमागच्या शाळेच्या पोरांच्या छातीत जातो. फिल्टर राहिला पाहिजे, गाडी कामाला साजेशी निवडली पाहिजे.

प्रश्न: माझे मिस्टर रात्री भाजीपाला घेऊन जुन्नरहून वाशीला जातात, दिवसा परत येतात. नवीन पिकअप घेतोय तर एसीवाली घ्यावी असं मला वाटतं, सासरे म्हणतात मालाच्या गाडीला एसी म्हणजे चैन. तुम्ही काय म्हणाल?
(जुन्नर)

उत्तर: ताई, घ्या. बिनधास्त घ्या. सासऱ्यांना माझं नाव सांगा.

मे महिन्यात दुपारी माळशेज घाटातून पिकअपच्या केबिनमधे बसून बघा, खाली इंजिन, वर पत्रा, आणि माणूस रात्रभर जागा आहे. अशा माणसाला झोप लागायला वेळ लागत नाही. सरकारने 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या 3.5 टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केली ती याच कारणासाठी, पण छोट्या पिकअप त्या नियमात आल्या नाहीत, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरची काळजी घरच्यांनाच करावी लागते. मी वर शोभेत पैसे घालू नका म्हटलं ते स्क्रीन आणि क्रोमबद्दल. एसी, पॉवर स्टिअरिंग, मागेपुढे सरकणारी सीट, एअरबॅग मिळत असेल तर एअरबॅग, या सगळ्या गोष्टी माणूस घरी परत यावा म्हणून आहेत, त्यांची गणती चैनीत करू नका. पैसे कमी पडत असतील तर म्युझिक सिस्टिम कापा, एसी नको.

प्रश्न: मी मूळचा सोलापूरचा, आता ह्यूस्टनला लँडस्केपिंगचा छोटा धंदा आहे. इथे सगळे ट्रक घराएवढे झालेत, आत चामड्याच्या सीटा आणि मागे हौदा आखूड. आपल्याकडच्या बोलेरो पिकअपसारखी साधी छोटी गाडी अमेरिकेत का मिळत नाही?
(ह्यूस्टन, टेक्सास)

उत्तर: याला एक कारण तर कोंबडीचं आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर जकात लावली, त्याचा बदला म्हणून अमेरिकेने 1964 पासून बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकवर 25 टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण कधीच विसरलं गेलं, कर तसाच राहिला. त्यामुळे बाहेरची स्वस्त साधी पिकअप तिथे येऊन परवडतच नाही. टोयोटाने नोव्हेंबर 2023 मधे थायलंडमधे हायलक्स चँप काढली, अगदी तुम्हाला पाहिजे तशी, मागे सपाट प्लॅटफॉर्म आणि काहीही बसवायला तयार बोल्टची भोकं, ती तुमच्याकडे विकत नाहीत.

दुसरं कारण तिथल्या सरकारच्या मायलेजच्या नियमांचं, गाडीची चाकं जेवढ्या जागेवर उभी राहतात ती जागा मोठी तेवढी मायलेजची अट सैल, असा हिशोब गेल्या दशकात लागू झाला, मग छोटी गाडी बनवण्यात कंपनीला काय फायदा? आणि तिसरं म्हणजे गिऱ्हाईक बदललं. 2001 ला फोर्डने आपल्या एफ-150 पिकअपमधे किंग रँच म्हणून चामड्याच्या सीटांचं मॉडेल आणलं, 2009 ला रॅम या दुसऱ्या अमेरिकन पिकअपने मागचे पाटे काढून कॉईल स्प्रिंग टाकल्या म्हणजे गाडी कारसारखी मऊ चालावी, आणि लोकांनी ते उचललं, कारण ट्रक आता घरातली एकमेव गाडी झाली, त्यातच पोरं शाळेत जातात. त्यांची गरज खोटी नाहीये. फक्त चार दरवाजे मोठे झाले की हौदा साडेपाच फुटांवर येतो आणि तुमच्यासारख्या माणसाची पंचाईत होते.

पण सगळीच गुंतागुंत वाईट म्हणणार नाही मी. 2021 च्या एफ-150 हायब्रिडमधे 7.2 किलोवॉटपर्यंत वीज हौद्यातल्या प्लगमधून मिळते, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत तुमच्या टेक्सासमधे थंडीने वीज गेली तेव्हा काही लोकांनी या ट्रकवर घरं चालवली. साईटवर वेगळा जनरेटर ओढायचा वाचतो, हे कामाचं आहे.

तुम्हाला सल्ला असा की शोरूमच्या पुढच्या रांगेत बघू नका, धंद्याच्या गाड्या विकणाऱ्या विभागात जा आणि एफ-150 ची एक्सएल म्हणजे सगळ्यात साधं मॉडेल, दोन दारांची, 8 फुटी हौद्याची मागा. 4 बाय 8 ची प्लायची शीट आडवी पसरून फाळका बंद होतो, केबिनच्या फरशीवर रबरासारखं व्हिनाइल असतं, ओल्या फडक्याने पुसता येतं. ती उभी नसते तिथे, ऑर्डर द्यावी लागते. जपानी छोटे 660 सीसीचे केई ट्रक पण बघा, 25 वर्षांहून जुने असतील तर आणता येतात आणि टेक्सासने 2024 मधे त्यांच्या नोंदणीचा रस्ता मोकळा केला, पण हायवेवर नका नेऊ, अपघातात पुढे काहीच नाहीये वाचवायला. स्लेट नावाच्या कंपनीने 2025 मधे हाताने फिरवायच्या काचांचा, बिनस्क्रीनचा इलेक्ट्रिक ट्रक दाखवलाय, पण दोन-चार वर्षं रस्त्यावर घासल्याशिवाय धंद्याची गाडी म्हणून मी तिच्यावर पैसे लावणार नाही.

प्रश्न: किराणा होलसेलचा माल पोचवतो, रोज 50-60 किलोमीटर, सगळं शहरातच. इलेक्ट्रिक छोटा हत्ती घेऊ का, की त्यात पण कॉम्प्युटरच कॉम्प्युटर?
(पिंपरी)

उत्तर: कॉम्प्युटर आहेत, पण क्लच नाही, इंजिन ऑईल नाही, वर लिहिलं ते फिल्टरचं दुखणं नाही. ठरलेला रस्ता, रात्री गोडाऊनला गाडी उभी, तिथे चार्जिंगचा प्लग, असं असेल तर तुमच्या कामाला ती डिझेलपेक्षा बरी. गोडाऊन भाड्याचं असेल तर मालकाकडून मीटरची परवानगी आधी लेखी घ्या. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हे तिन्ही आकडे डीलरकडून छापील घ्या, तोंडी नको. आणि ट्रायलला रिकामी गाडी चालवू नका, तुमचा नेहमीचा माल भरा, नेहमीच्या रस्त्याला दिवसभर फिरवा आणि संध्याकाळी किती चार्ज उरतो ते बघून मगच बुकिंगचे पैसे द्या.